वऱ्हाडातून पंढरपूर पायी: उन्हातल्या वारीची तयारी

पंचांग घ्या आणि आषाढी एकादशीची तारीख आधी बघा. बाकी सगळी तयारी त्या तारखेवर ठरते. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पातूरच्या डोंगराखाली. इथून मेडशी, शिरपूर, रिसोड, सेनगाव, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, तेर, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा असं करत जायचं म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर. महिनाभराची चाल. त्यामुळे पुण्याकडची दिंडी घरून निघायच्या आधीच आमच्याकडची अर्धी वाट चालून झालेली असते, आणि ती अर्धी वाट बहुतेक वेळा उन्हातून असते.

आता तारखा बघा. २०२३ ला आषाढी २९ जूनला आली. महिना मागे मोजला की प्रस्थान मे अखेरीस, ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. २०२४ ला १७ जुलै, २०२५ ला ६ जुलै, २०२६ ला २५ जुलै. एवढा फरक अधिक महिन्यामुळे पडतो. २०२३ चा अधिक श्रावण आषाढीनंतर आला म्हणून ती आषाढी लवकर होती. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आषाढाच्या आधी, म्हणून ती उशिरा. जूनअखेरची आषाढी असली की आमची वारी उन्हाची, जुलैअखेरची असली की पेरणीची आणि चिखलाची. मधल्या तारखेला दोन्ही वाट्याला येतं: अकोला-वाशीम जिल्ह्यांत ऊन आणि परभणीपुढे पाऊस. मी इथे उन्हाच्या वारीबद्दल लिहिते आहे, कारण माणसं आजारी पडतात ती त्याच वारीत जास्त.

मी गावच्या दिंडीची कोठी सांभाळते. धान्य, भांडी, पाण्याची टाकी, औषधाची पेटी आणि बायांच्या मुक्कामाची सोय माझ्याकडे असते. भजनातलं, रिंगणातलं सांगायला आमचे विणेकरी बुवा आहेत. मी चालण्याआधीचं सांगते.

दिंडी कोणती

पहिल्यांदा जाणाऱ्याने एकट्याने निघू नये. आपल्या भागातून जाणारी एखादी जुनी दिंडी शोधावी आणि गुढीपाडव्याच्या सुमारास नाव द्यावं. विदर्भात हे सोपं आहे. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून चालत असल्याचं सांगतात, ती अमरावती जिल्ह्यातून निघते. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी आमच्याच रस्त्याने जाते, पण तिथले वारकरी आधी ठरलेले असतात, आपण ऐनवेळी पिशवी घेऊन उभं राहिलो म्हणजे झालं असं नाही. गावोगावच्या लहान दिंड्या मात्र ओळखीने घेतात. नाव देताना तीन गोष्टी विचारा: भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, किती आणि त्यात काय काय येतं, सोबत गाडी आणि पाणी कसं आहे, आणि रोज किती वाजता चालायला लागता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "उजाडलं की निघतो" असं आलं, तर उन्हाच्या वर्षी त्या दिंडीत जाऊ नका.

शेत आणि घर

मृग ७-८ जूनला लागतो. त्या दिवसांत गावात कुणाला मान वर करायला सवड नसते. वखरणी उरलेली, बियाण्याच्या दुकानासमोर रांगा, ट्रॅक्टरवाल्याची पाळी मिळत नाही. अशा वेळी घरातला एक माणूस महिनाभर नाही म्हणजे बाकीच्यांनी त्याचं काम अंगावर घ्यायचं. हे आधी बोलून ठरवलं नाही तर चालताना सगळं लक्ष मागेच राहतं, आणि घरातल्यांच्या मनातही वारीबद्दल कडवटपणा येतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घर राजी असेल तरच निघावं.

म्हणून चैत्र-वैशाखात उरकून टाकायची कामं अशी. पीककर्जाचं नूतनीकरण मार्चअखेर करून घ्या. बियाणं पक्क्या बिलावर घ्या आणि बिल घरी ठेवा. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर उगवण तपासा: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, गोणपाट वाळू द्यायचं नाही, आणि सहा-सात दिवसांनी मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर आत्ताच दुसरी सोय करा, तुम्ही पंढरपूरच्या वाटेवर असताना मुलाने दुकानं पालथी घालू नयेत. कोणत्या वावरात काय पेरायचं, तुरीच्या ओळी किती, खत कुठल्या खोलीत आहे, ते एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण जोडायची नाही, हेही त्याच कागदावर ठळक लिहा. पहिल्याच सरीला घाई करून पेरलं आणि पावसाने ताण दिला की दुबार पेरणी येते, आणि त्या काळजीत अर्ध्या वाटेवरून परत फिरलेले वारकरी मी पाहिले आहेत.

बाईमाणसाला निघायचं असलं तर आणखी एक कागद लागतो. दुभत्या जनावराचं कोण बघेल, म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या कोण देईल, मुलांची शाळा उघडली की गणवेश-वह्या कोण आणेल. आमच्या मोठ्या जाऊबाई दरवर्षी म्हणतात, "तू जाय वं माय, ढोरायचं मी पायतो." त्यांचं हे वाक्य ऐकल्याशिवाय मी ओटीतली तुळस उचलत नाही. ज्यांच्या घरी अशी जाऊ नाही, त्यांनी शेजारणीशी अदलाबदल ठरवावी: यंदा तू माझं बघ, पुढच्या वर्षी मी तुझं.

रस्ता बघून येणं

एप्रिलमध्ये दोघा जणांनी मोटरसायकलने सगळा रस्ता करून यायचा. फोनवर मुक्काम ठरवू नका. जागेवर गेल्याशिवाय तिथली विहीर आटली आहे की नाही, बोअरला पाणी आहे की नाही, हे कळत नाही. सरपंच, देवस्थानचे विश्वस्त, शाळेचे मुख्याध्यापक यांना भेटून तारीख सांगायची, नंबर लिहून घ्यायचे, आणि निघायच्या आठ दिवस आधी पुन्हा फोन करायचा.

शाळेच्या बाबतीत एक बारकावा आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी किंवा त्याच्या जरा अलीकडे. मराठवाड्यात त्या १५ जूनच्या आसपासच सुरू होतात. म्हणजे वाशीम जिल्ह्यात शाळा रिकामी मिळते, पण संडासाला कुलूप असतं आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या मास्तरांकडे. ती किल्ली ग्रामपंचायतीत आणून ठेवायला आधीच सांगावं लागतं. पुढे हिंगोली-परभणीकडे पोचेपर्यंत १५ जून उलटला असेल तर शाळा भरलेली असते, तिथे दुपारच्या विसाव्याला मंदिर किंवा मंगल कार्यालय बघायचं आणि शाळा फक्त रात्रीला.

सावली हा दुसरा मुद्दा. अकोला-वाशीम रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट झाल्या, पण रस्त्याकडेचे जुने कडुनिंब आणि चिंचा गेल्या. नवा रस्ता गावांना वळसा घालून जातो, त्यामुळे पाच-सहा किलोमीटर ना झाड, ना हापसा. जिथे जुना रस्ता गावातून जातो तिथे तोच धरा, किलोमीटरभर वाढला तरी. तुमच्या वहीत प्रत्येक टप्प्याला चार गोष्टी लिहिलेल्या असू द्या: पाणी कुठे, सावली कुठे, प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, आणि गाडी उभी करायला जागा आहे का.

ऊन

उन्हाच्या वारीत दिवस पहाटे तीनला सुरू होतो. काकडा, चहा, आणि चारला पताका पुढे. टाळाच्या ठेक्यावर चालणारी दिंडी तासाला तीन-साडेतीन किलोमीटर जाते, त्याहून जास्त धरू नका. सातला एक थांबा, पोह्यांचा किंवा सातूचा. साडेनऊ, फार तर दहाला दुपारच्या जागेवर पोचायचंच. तोवर चौदा-पंधरा किलोमीटर झालेले असतात. मग जेवण, झोप, कपडे धुणं. पाचशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर, आणि दिवेलागणीला हरिपाठ.

नवख्यांना दहा ते पाच हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. तरुण पोरं म्हणतात, बसून काय करायचं, पुढे जाऊन थांबतो. त्यांना जाऊ द्यायचं नाही. दिंडीत चोपदाराचा शब्द शेवटचा असतो आणि उन्हाच्या बाबतीत तो कडकच असायला हवा.

पहाटेच्या अंधारात दुसरा धोका गाड्यांचा. सव्वापाच-साडेपाचपर्यंत नीट उजाडत नाही, म्हणजे रोज सव्वा-दीड तास अंधारातली चाल. दिंडीच्या मागे लुकलुकत्या दिव्याची गाडी, सगळ्यात मागच्या चौघांच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटं, पताकेच्या काठीलाही तीच पट्टी. दोन-चार जण मागे राहून चालत असतील तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालावं. रस्त्याकडेला झोपणं, टेकणं अजिबात नाही, पाय कितीही दुखले तरी.

पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला पाच-सहा लिटर, तेही फक्त पिण्याचं. साठ माणसांना साडेतीनशे लिटर झालं. आमच्या टेम्पोवर हजार लिटरची टाकी असते, ती जिथे खात्रीचं पाणी मिळेल तिथे रोज भरायची. टाकीत मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, बाटलीवरच्या प्रमाणात टाकायचं आणि अर्धा तास नळ बंद ठेवायचा. तहान लागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट. नुसतं पाणीच ढोसलं तरी थकवा जात नाही, घामातून मीठही जात असतं. म्हणून सकाळच्या थांब्याला ताक मीठ घालून, दुपारी कैरीचं पन्हं किंवा ज्वारीची आंबील. उलट्या-जुलाब झाले तर पुडीतलं ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा लहान चमचा धरायचा. मीठ जास्त पडू द्यायचं नाही.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. कांदा ठेवा, भाकरीबरोबर खा, पण त्याच्या भरवशावर अकराच्या उन्हात चालू नका. डोक्याला पांढरा सुती दुपट्टा ओला करून, कान आणि मान झाकेल असा. बायांनी पदराखाली ओला पंचा. काळी छत्री तापते. तिला वरून पांढरं कापड शिवून घ्या.

ऊन लागलेला माणूस ओळखायला शिका, प्रत्येकाने. एकदा सेनगावच्या पुढे आमच्यातले एक वयस्कर टाळकरी चालता चालता टाळ चुकवायला लागले. त्यांचा टाळ कधी चुकत नाही. जवळ जाऊन बघितलं तर कपाळ कोरडं ठक्क, अंग तव्यासारखं, आणि विचारलं तर आपल्या वावरातल्या विहिरीबद्दल काहीतरी असंबद्ध बोलत होते. त्यांना लिंबाखाली आडवं केलं, सदरा काढला, कॅनमधलं पाणी सबंध अंगावर ओतलं, मानेला, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवले, दोघींनी सुपाने वारा घातला आणि एकाने १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवलं नाही. ते वाचले, कारण टाळ चुकला हे शेजारच्याच्या लक्षात आलं. बरळणं, झोकांड्या जाणं, अंग भाजणं, झटका येणं यातलं काहीही दिसलं की आधी अंग गार करा, लगेच फोन करा, आणि शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही असंही समजू नका, चालणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो.

प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्या. दिवसभर एकमेकांकडे बघणं हे त्यांचं काम.

बीपी, साखर, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवून यावं आणि महिनाभर उन्हात चालणार आहे हे स्पष्ट सांगावं. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हात त्याचा त्रास वाढतो. डॉक्टर डोस बदलून देतात, आपण आपल्या मनाने बंद करायची नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आम्ही टेम्पोत मडकं ठेवतो: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, लहानात कोरड्या डब्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं. वाळू दिवसातून दोनदा भिजवायची आणि मडकं वारा लागेल अशा सावलीत ठेवायचं.

पाय

पाडव्यापासून चालायला लागा. पहिले पंधरा दिवस रोज पाच किलोमीटर, मग आठ, मग दहा, आणि रविवारी एक मोठी चाल. आमच्याकडे अकोल्याहून शेगाव पायी जायची पद्धत आहेच, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दोन दिवसांत. वैशाखात एकदा ती वारी करा, त्यात तुमची चप्पल, पिशवी आणि गुडघे तिन्हींची परीक्षा होते. दिवसभर वावरात राबणाऱ्या माणसाला वाटतं आपल्याला सरावाची काय गरज. पण निंदण-खुरपणीचं चालणं ढेकळावरचं असतं, डांबरावर सलग पंधरा किलोमीटर चालणं पायाला नवीन असतं.

चप्पल किंवा बूट नवे घेतले तर एप्रिलमध्येच घ्या. उन्हात पाय सुजतात, म्हणून नेहमीपेक्षा एक नंबर मोठा आणि संध्याकाळी जाऊन घ्यावा. मला मागे पट्टा असलेली सॅंडल सोसते, काहींना कॅनव्हासचे बूट आणि सुती मोजे. अंगठ्याची स्लीपर मात्र फक्त मुक्कामावर, तिने बोटांच्या बेचक्यात जखम होते आणि पोटऱ्या भरून येतात.

रात्री पायांकडे बघण्याला मी हरिपाठाइतकंच महत्त्व देते. आमच्या बायांची रोजची पद्धत सांगते. बादलीत साधं पाणी, त्यात पाय पाच मिनिटं. टाचेपासून वर चोळून धूळ काढायची, मग बोटांच्या बेचक्यांतून पंचा फिरवून कोरडं करायचं, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. मग बॅटरी घेऊन दोघींनी एकमेकींचे तळवे बघायचे. लाल झालेली, झोंबणारी जागा दिसली की ती उद्याचा फोड. तिच्यावर रात्रीच चिकटपट्टी लावून टाकायची, पहाटे निघताना त्याला वेळ मिळत नाही. बाकी पायाला खोबरेल.

लहान फोड फोडू नका. मोठा, टणक, चालू न देणारा असेल तर हात साबणाने धुऊन, सुई पाण्यात उकळून, फोडाच्या कडेला दोन ठिकाणी टोचायचं आणि स्वच्छ गॉजने दाबून पाणी काढायचं. वरची कातडी तशीच राहू द्यायची, तीच आतल्या मांसाला झाकते. जंतुनाशक मलम, गॉज, वर पट्टी. जुने वारकरी सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवतात. मी ठेवू देत नाही, त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि दोन दिवसांनी पू होतो.

अनवाणी चालायचा नवस असलेले दरवर्षी असतात. त्यांच्या श्रद्धेला हात लावायचा नाही, पण दुपारचं डांबर पाय भाजून काढतं. सूर्य वर यायच्या आत अनवाणी चालावं, मातीच्या कडेने चालावं, नंतर पायात घालावं, असं आमचे विणेकरी बुवा स्वतः त्यांना समजावतात आणि ऐकतातही लोक. साखर असलेल्यांनी एक पाऊलही अनवाणी टाकू नये. त्यांच्या तळव्याला चटका कळतच नाही.

मांड्या घासून सोलवटतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. सुती अर्धी चड्डी गुडघ्यापर्यंतची, आणि निघताना व्हॅसलीन. बाया आणि पुरुष दोघांनाही.

शिदोरी आणि कोठी

सातूसारखं वाटेवरचं अन्न नाही. गहू धुऊन तासभर भिजवायचे, निथळून फडक्यात बांधून ठेवायचे, मग हलके कांडून सावलीत सुकवायचे आणि खमंग भाजायचे. दोन वाटे गहू असतील तर एक वाटा डाळवं. थोडे जिरे, वेलदोडा, सुंठ. गिरणीवरून बारीक दळून आणायचं, पण दळताना आधीचं ज्वारीचं पीठ त्यात येणार नाही हे गिरणीवाल्याला सांगायचं. हवाबंद डब्यात महिनाभर टिकतं. गुळाच्या पाण्यात कालवलं की चूल पेटवायला नको. पहाटे पोटभर खाऊन चालवत नाही, तेव्हा सातूची वाटी बरोबर बसते. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, जवसाची चटणी, तिळाची चटणी, फुटाणे, गूळ. पुढचं सगळं कोठीतून.

कोठीसाठी आम्ही घरटी ज्वारी आणि तुरीची डाळ गोळा करतो, आणि गॅस, डिझेल, भाजीपाला, दूध यांसाठी भिशी रोख. स्वयंपाक साधा ठेवायचा. उन्हात वरण-भात, पिठलं-भाकर, कांदा, ताक. तेलकट, मसालेदार नको. वाटेत गावोगावी लोक प्रेमाने पंगत घालतात, तिला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. पण दुपारचा उरलेला भात संध्याकाळी वाढायचा नाही, मठ्ठ्याला बर्फ कुठला आहे ते विचारायचं, आणि कापून ठेवलेलं टरबूज घ्यायचं नाही, अख्खं घेऊन आपण कापायचं. साठातल्या वीस जणांना एकाच रात्री जुलाब झाले तर दुसऱ्या दिवशी अख्खी दिंडी थांबते.

सामान, थोडक्यात

पाठीवर चार किलोच्या वर काही नको, बाकी टेम्पोत. दोन जोड सुती कपडे, पंचा, ताट-तांब्या, पातळ सतरंजी, मच्छरदाणी, बॅटरी, पॉवर बँक, प्लास्टिकचा मोठा कागद पावसासाठी, आधार कार्ड, रोजच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स. गळ्यात किंवा खिशात एक कार्ड, त्यावर नाव, गाव, दिंडीप्रमुखाचा आणि घरचा नंबर, असलेला आजार. सोनं घरी ठेवा. तुळशीमाळ पुरे.

बायांनी पाळीचं सामान जास्तीचं घ्यावं, लहान गावात मिळत नाही. पाळी आली तर चालावं, दमलं तर गाडीत बसावं. आमच्या दिंडीत त्यावरून कुणी वेगळं बसवत नाही. मुक्कामाला बायांच्या संडासाची वाट उजेडाची असावी आणि रात्री दोघींनी मिळून जावं. पहाटे पावणेतीनला उठणाऱ्या चाळीस बायांना दोन संडास पुरत नाहीत, म्हणून मुक्काम बघायला जाणाऱ्या दोघांत एक बाई असलीच पाहिजे. पुरुषांच्या नजरेतून ही मोजणी सुटते.

मच्छरदाणी डासांपुरती नाही. पहिला पाऊस पडला की साप बाहेर येतात, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याचं कळतही नाही, सूज नसते, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. मच्छरदाणीच्या कडा सतरंजीखाली चारी बाजूंनी खोचा, धान्याच्या पोत्यांजवळ झोपू नका, पहाटे चप्पल झटकून घाला. शंका आली तरी थेट सरकारी दवाखाना, तिथे सापाच्या विषावरची लस असते. वहीत लिहिलेलं आरोग्य केंद्र इथे कामी येतं.

वाटेतली ठिकाणं आणि परतणं

दर आठ-नऊ दिवसांनी एक दिवस कमी चालीचा ठेवा. आमच्या वाटेवर तशी ठिकाणं आपसूक येतात: औंढ्याला नागनाथ, गंगाखेडला गोदावरी आणि जनाबाई, परळीला वैजनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी, तेरला गोरोबाकाका, तुळजापूरला भवानी, मंगळवेढ्याला चोखोबा. त्या दिवशी दर्शन, कपडे, केस धुणं, घरी सविस्तर फोन. गंगाखेडला पाण्यात उतरताना पाऊस वर कुठे पडला आहे ते गावकऱ्यांना विचारा, गोदावरी अचानक चढते.

मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. एकादशीच्या किमान दोन दिवस आधी पोचायचं धरा. पदस्पर्श दर्शनाची रांग तासन्‌तास चालते. म्हातारी माणसं आणि ज्यांचे पाय फुटले आहेत त्यांनी मुखदर्शन घ्यावं, कळसाला हात जोडावेत. महिनाभर चालून आल्यावर रांगेत कोसळायचं नाही. चंद्रभागेत उतरायचं ते काठाकाठाने, बायांनी हात धरून.

परतीचं तिकीट मात्र घरून निघायच्या आधी ठरवा, एकादशीनंतर स्टॅंडवर उभं राहायलाही जागा नसते. आषाढीला मध्य रेल्वे नागपूर, अमरावती, खामगावकडून विशेष गाड्या सोडते, त्यांचं वेळापत्रक जूनमध्ये बघायचं. एसटी महामंडळ एका गावचे चाळीस किंवा जास्त प्रवासी असले की थेट गावातून गाडी देतं, परतीसाठी आगाराशी आधीच बोलून ठेवा. बायांना एसटीत अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना मोफत. त्यासाठी आधार कार्ड हाताशी हवं.

घरी आल्यावर चार दिवस वावरात जाऊ नका. साखर असलेल्यांनी पाय डॉक्टरांना दाखवून यावं, फोड बरा दिसत असला तरी. आणि कोठीवाल्या माणसाने आठ दिवसांच्या आत भिशीचा सगळा हिशोब, उरलेल्या ज्वारीच्या मापासकट, देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवावा.